स्प्रिंग ब्रेकचं देवदर्शन

मार्च उजाडला की डॅलसजवळच्या आमच्या वस्तीत शाळेच्या बसथांब्यावर एकच विषय असतो: स्प्रिंग ब्रेकला कुठे? कुणी कोलोरॅडोत बर्फावर, कुणी क्रूझवर, कुणी साउथ पाद्रेच्या किनाऱ्यावर. आम्ही नानामामांकडे आणि आत्याकडे जाणार, वाटेत देवळं आणि जुनी चर्चेस बघणार, हे ऐकल्यावर दहावीतल्या लेकीने मला विचारलं, "म्हणजे सुट्टीत पण होमवर्क?"

बेत आईंचा होता. आई म्हणजे माझ्या सासूबाई, वेंगुर्ल्याच्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांचा उभा जन्म गेला. निवृत्त झाल्या तरी समोरचा माणूस उगाच बडबडत असेल तर त्या अजून नुसत्या बघतात, आणि तो गप्प होतो. त्यांचं म्हणणं साधं होतं. "मे महिन्यात आपण मामाकडे जायचो, जाता-येता मंगेशीला जायचो. इथे मे महिना मार्चात येतो, एवढंच ना?" नवऱ्याला आईसमोर बोलता येत नाही आणि मला या बेतात हॉटेलचा खर्च नाही हे दिसत होतं. मार्चात ह्यूस्टनला मोठा रोडिओ, म्हणजे घोडे-बैलांच्या खेळांची जत्रा असते, त्या दिवसांतले खोल्यांचे दर ज्याने पाहिलेत त्याला नातेवाइकांचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही.

प्रवास त्रिकोणी ठरला. आय-४५ महामार्गाने खाली ह्यूस्टन, तिथून आय-१०ने पश्चिमेला सॅन अँटोनियो, आणि आय-३५ने वर घरी. डिकीत दशम्या, दाण्याची चटणी, आणि आईंनी वेंगुर्ल्याहून आणलेल्या काजू-कोकमांच्या पिशव्या, प्रत्येक घराच्या नावाची चिठ्ठी लावून.

ह्यूस्टनच्या अलीकडे हंट्सव्हिलला झाडीतून एक पांढराशुभ्र पुतळा वर येतो. सॅम ह्यूस्टनचा, नुसता पुतळा ६७ फूट. आईंनी सवयीने हात जोडले आणि मग विचारलं, "हे कुठले महाराज?" धाकट्याला तोंड उघडायला एवढं पुरलं. टेक्सासात चौथीला टेक्सासचा इतिहास असतो आणि तो नेमका चौथीत आहे. टेक्सासला मेक्सिकोपासून तोडणाऱ्या फौजेचा सेनापती सॅम, अलामोचा वेढा, मेक्सिकोचा सांता आना, एप्रिल १८३६ मधली सॅन हसिंटोची लढाई, सगळं त्याने एका दमात म्हणून दाखवलं. आई खूश. त्यांनी वर्षानुवर्षं चौथीलाच शिवाजी महाराजांचा इतिहास शिकवला होता. "चौथीलाच का शिकवतात सांगू? त्या वयात मुलांना सगळं खरं वाटतं," त्या म्हणाल्या. मागच्या सीटवरून लेकीने इयरफोन काढून आजीकडे पाहिलं. या सुट्टीत प्रथमच.

नानामामा म्हणजे आईंचे धाकटे भाऊ. सत्तरच्या दशकाच्या शेवटी ह्यूस्टनला आले आणि पेअरलँडच्या बाजूला स्थायिक झाले. दोघं भावंडं रात्री उशिरापर्यंत बोलत बसली होती. वेंगुर्ल्याच्या घराच्या हिश्श्याचा विषय कुणीच काढला नाही, याचं मामींना इतकं हायसं वाटलं की सकाळी त्यांनी घावन केले.

पेअरलँडचं मीनाक्षी मंदिर मामांच्या घरापासून जवळ. आधी गणपतीचं लहान देऊळ झालं, मग १९८२ मध्ये मुख्य मंदिर. आज त्याच्या भोवती वस्ती आहे, गोपुरं आहेत, शनिवार-रविवारी गाड्या लावायला जागा शोधावी लागते. मामांना आठवतो तो मोकळा माळ आणि रविवारी जमणारी माणसं. "तेव्हा आम्ही मराठी घरं बोटावर मोजण्याइतकी. आपलं देऊळ कुठून बांधणार? तमिळ मंडळींनी हाक मारली, आम्ही गेलो. अक्का, मी आयुष्यात पहिल्यांदा मीनाक्षीचं नाव घेतलं ते पावतीपुस्तक हातात धरून." आईंनी गाभाऱ्यासमोर बराच वेळ उभं राहून नमस्कार केला. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "ओटी भरायची का? इथे चालत असेल ना?" मामींनी पर्समधून ब्लाउजपीस काढलं. त्यांच्या पर्समध्ये ते कायम असतं, असं कळलं.

दुसऱ्या दिवशी स्टॅफर्डचं स्वामीनारायण मंदिर. ते २००४ साली उभं राहिलं. चुनखडीचा दगड तुर्कस्तानचा, संगमरवर इटलीचा, कोरीव काम भारतात, आणि जुळणी टेक्सासात; सुमारे ३३,००० तुकडे. धाकट्याने लगेच हिशेब मांडला की या दगडांनी आपल्यापेक्षा जास्त प्रवास केलाय आणि एअरलाइनचे पॉइंट्स त्यांनाच मिळायला हवेत. शुगर लँडच्या अष्टलक्ष्मी मंदिराबाहेर ऑगस्ट २०२४ मध्ये उभा केलेला ९० फुटी हनुमान आहे. तिथे आईंनी मान वर करून पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "सॅमपेक्षा उंच." स्पेस सेंटरबद्दल काही लिहीत नाही. मुलं दिवसभर तिथे होती, मी आणि मामी घरी झोपलो होतो.

सॅन अँटोनियोला जाताना अर्ध्या वाटेवर शुलेनबर्ग लागतं. त्याच्या आसपासच्या खेड्यांत 'पेंटेड चर्चेस' आहेत, ती बघायची कल्पना नवऱ्याची. मी फारशी उत्सुक नव्हते. आय-१० सोडून आत वळलं की शेतं, गायी, कुंपणं, आणि रस्त्याच्या कडेला नुकती उमलू लागलेली ब्लूबॉनेटची निळी फुलं. मधेच एखादं चर्च, बाहेरून अगदी सामान्य. अशा चर्चमध्ये टेक्सासात कुणी मुद्दाम वाकडी वाट करून जात नाही.

दार उघडून आत गेलो आणि आम्ही पाचही जण गप्प झालो.

हाय हिलचं सेंट मेरीज, १९०६ सालचं. वर दगडी कमानींचं छत, संगमरवरी खांब, पानाफुलांची नक्षी. जवळ जाऊन पाहिलं तर दगड नाही, संगमरवरही नाही, सगळं लाकूड. लाकडावर रंगाने दगड काढलाय. एकोणिसाव्या शतकात इथे जर्मन आणि चेक शेतकरी आले. गावाकडे त्यांची चर्चेस दगडी होती, उंच होती. इथे तसा दगड नव्हता, पाथरवट नव्हते, पैसा तर नव्हताच. सुतार होते आणि रंगारी मिळाले. त्यांनी सुतारांकडून छत करून घेतलं आणि रंगाऱ्याकडून दगड.

डुबिनाचं चर्च आतून निळं, छतावर चांदण्या. आधीचं चर्च १९०९च्या वादळात कोसळलं. त्याच्या शिखरावरचा लोखंडी क्रूस टॉम ली नावाच्या, पूर्वी गुलाम असलेल्या माणसाने घडवला होता. तो क्रूस वाचला आणि नव्या चर्चवर चढला. मधल्या काळात कुणाला तरी साधेपणाचा उमाळा आला आणि आतली सगळी नक्षी पांढऱ्या रंगाखाली गेली. १९८०च्या दशकात गावाने ती पुन्हा रंगवून घेतली. हे वाचून आई चिडल्या. कोकणातल्या देवळांचीही हीच कथा, फक्त शेवट वेगळा: लाकडी मंडप काढून टाकतात, फरश्या बसवतात आणि मग वीस वर्षांनी लाकूड कुठे गेलं म्हणून हळहळतात.

प्राहा हे गाव तर नावानेच प्राग. गाव म्हणजे एक चर्च, एक दफनभूमी आणि भोवती शेतं. १८९५च्या या चर्चचं छत गॉटफ्रीड फ्ल्यूरी नावाच्या स्विस चित्रकाराने वेलीपानांनी भरून टाकलंय. बाहेर थडग्यांवर चेक भाषेतली नावं आणि ओळी. दुसऱ्या महायुद्धात या एवढ्याशा गावातले नऊ तरुण गेले. लेक बराच वेळ त्या थडग्यांमधून एकटीच फिरत होती. दर १५ ऑगस्टला इथे जत्रा भरते, दूरदूर विखुरलेली घराणी त्या दिवशी गावी येतात, असं समजलं. नवरा म्हणाला, "चाकरमानी." आईंनी मान डोलावली.

शुलेनबर्गमध्ये कोलाचे खाल्ले. मऊ पाव, मध्ये खळगा, खळग्यात जर्दाळू किंवा चीज. आईंना खसखशीचा मिळाला. त्यांनी अर्धा खाल्ला, अर्धा रुमालात बांधून ठेवला आणि संध्याकाळी चहाबरोबर संपवला. "करंजीत घालतो तीच खसखस. यांना कुणी सांगितलं असेल?"

सॅन अँटोनियोला माझ्या नवऱ्याच्या चुलतबहिणीकडे उतरलो. नणंदेचं घर म्हणजे शिस्त. दाराशी चपलांचे कप्पे, फ्रीजवर आठवड्याचा जेवणाचा तक्ता. तिने आमच्यासाठी अलामोच्या चर्चची वेळ आधीच ऑनलाइन धरून ठेवली होती. तिकीट फुकट आहे, पण वेळ राखून ठेवावी लागते. सुट्टीच्या दिवसांत हे न करता गेलात तर बाहेरूनच बघावं लागेल.

अलामो बघताना बहुतेकांना लढाई दिसते. ते मुळात चर्च होतं. १७१८ साली स्पॅनिश पाद्र्यांनी स्थापन केलेलं 'सॅन अँटोनियो दे वालेरो' मिशन, म्हणजे इथल्या मूळच्या लोकांना ख्रिस्ती करून वसवण्याची जागा. पाद्री गेले, सैन्य आलं, आणि १८३६च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मेक्सिकोच्या फौजेच्या तेरा दिवसांच्या वेढ्यानंतर दोनशेच्या आसपास टेक्सासी लोक इथे मारले गेले. आत पुरुषांनी टोप्या काढायच्या. धाकटा गोंधळला. "आजी, मीनाक्षीला बूट काढले, इथे बूट चालतात आणि टोपी काढायची?" आजी म्हणाल्या, "देव एकच अंग बघतो, कुठे पाय, कुठे डोकं."

मग त्याने आजीला लढाई सांगितली आणि आजीने त्याला पावनखिंड सांगितली. तीनशे माणसं, बाजीप्रभू, तोफांचे आवाज. दोघं रंगात आलेली. तेवढ्यात लेक म्हणाली, "पण आजी, मेक्सिकोने १८२९ मध्ये गुलामी बंद केली होती. आत लढणाऱ्यांपैकी काहींना गुलाम ठेवायचे होते. हे चौथीत सांगत नाहीत." धाकट्याचा चेहरा पडला. मला वाटलं आता आई विषय बदलतील. त्यांनी लेकीला शेजारी बसवलं आणि विचारलं, "हे कधी शिकवतात?" ती म्हणाली, "मी स्वतः वाचलं." आई म्हणाल्या, "मग ह्याला तूच सांग. हळू सांग." त्या दोघांचं नंतर काय बोलणं झालं ते मला कळलं नाही, पण धाकट्याने भेटवस्तूंच्या दुकानातली रॅकूनच्या कातड्याची टोपी मात्र विकत घेतलीच.

खरं सांगायचं तर अलामोपेक्षा नदीच्या खालच्या अंगाची चार मिशनं आम्हाला जास्त आवडली. कॉन्सेप्सिऑन, सॅन होजे, सॅन हुआन आणि एस्पादा. अलामो धरून पाचही २०१५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. ही चारही चर्चेस आजही चालू आहेत. तिथे लग्नं लागतात, मुलांचे बाप्तिस्मे होतात. आवाराची देखभाल राष्ट्रीय उद्यान विभागाची, पूजाअर्चा धर्मप्रांताची. प्रवेशाला पैसे नाहीत. एकच सांगते, पाणी आणि टोपी घेऊन जा. मार्चातही दुपारी आवारात सावली शोधावी लागते आणि आईंचे गुडघे दर पन्नास पावलांवर बाक मागत होते.

सॅन होजे सगळ्यांत मोठं. दगडी तट, तटाच्या आतल्या बाजूला लागून खोल्या. त्या खोल्यांत इथली मूळची माणसं राहायची, ज्यांना आता एकत्रितपणे कोआविल्टेकन म्हणतात. अपाचे टोळ्यांचे हल्ले, उपासमार आणि स्पॅनिश लोकांबरोबर आलेले रोग, या सगळ्यातून वाचायला ती मिशनांत आली. त्याच्या बदल्यात भाषा गेली, देव गेले, जगण्याची रीत गेली. आणि रोग तटाच्या आतही आलेच. पाट्यांवर हे लिहिलेलं आहे, झाकून ठेवलेलं नाही.

चर्चच्या दाराभोवतीचं कोरीव काम पाहताना रेंजरबाईंनी दाखवलं की दाराच्या एका बाजूला संत जोआकिम आणि दुसऱ्या बाजूला संत अ‍ॅन, म्हणजे मेरीचे आई-वडील. आईंनी मला भाषांतर करायला लावलं आणि हिशेब केला. "म्हणजे येशूचे आजी-आजोबा? दारातच?" त्या दिवसभर हे सगळ्यांना सांगत होत्या. प्रसिद्ध 'रोझ विंडो'चीही कथा आहे: कारागिराची प्रेयसी समुद्रात बुडाली, तिच्या आठवणीत त्याने खिडकी कोरली. लेक म्हणाली, "हे कुणीतरी गाइडने रचलंय." माझंही मत तेच, पण खिडकी पाहण्यासारखी आहे.

कॉन्सेप्सिऑनमध्ये एका खोलीच्या छतावर सूर्य रंगवलाय, चेहऱ्याचा, मिशांचा, भोवती किरण. धाकटा खाली उताणा झोपून बघत होता, कुणी हटकलं नाही. हे चर्च १७५५ साली पूर्ण झालं. मात्र मिशन मूळचं इथलं नाही. १७१६ मध्ये ते पूर्व टेक्सासात स्थापन झालं, तिकडे टिकेना म्हणून १७३१ मध्ये सॅन अँटोनियो नदीच्या काठी हलवलं. सॅन हुआन आणि एस्पादाही तशीच, तिकडून उचलून त्याच वर्षी इथे आणलेली. नवऱ्याने पाटी वाचून दाखवली आणि आई एकदम म्हणाल्या, "मंगेशी."

मुलांना मंगेशी म्हणजे प्रियोळचं ते पांढरं दीपमाळेचं देऊळ, दोनदा पाहिलेलं. आईंनी तिथेच बाकावर बसून सांगितलं की मंगेश मूळचा कुशस्थळीचा, आता ज्याला कुठ्ठाळी म्हणतात तिथला. साष्टीत पोर्तुगीज देवळं पाडायला लागले तेव्हा, १५६० मध्ये, भक्तांनी लिंग उचललं आणि झुआरी ओलांडून प्रियोळला नेलं. तिथे तेव्हा पोर्तुगीजांचं राज्य नव्हतं.

लेक म्हणाली, "म्हणजे तिकडे पाद्र्यांमुळे आपला देव पळाला, आणि इथे पाद्री स्वतःच देव घेऊन पळत होते."

"हो," आई म्हणाल्या. "आणि इथल्या मूळच्या लोकांचे देव कुठे गेले, ते या पाटीवर नाही."

थोड्या वेळाने धाकट्याने विचारलं, "आपण अमेरिकेत आलो तेव्हा मंगेशीला का नाही आणलं?" नवरा म्हणाला, आणलाय की, देवघरात फोटो आहे. धाकट्याचं त्यावर समाधान झालेलं दिसलं नाही. खरं तर माझंही नाही, पण वाद घालायला ऊन फार होतं.

एस्पादाजवळ १७४०च्या दशकातला दगडी जलसेतू आहे. नदीचं पाणी कालव्याने आणून ओढ्यावरून पलीकडे शेतात न्यायचं. ते पाणी आजही वाहतंय. चर्च, कमानी, मिशीवाला सूर्य, हे सगळं आईंनी कौतुकाने पाहिलं. इथे मात्र त्यांनी चप्पल काढून हात बुडवला. कोकणातल्या पोफळीच्या बागेत पाटाचं पाणी फिरतं तसंच ते फिरत होतं. तिथे एक वयस्क बाई भेटल्या. त्यांच्या घराण्याचे पूर्वज मिशनातलेच, म्हणजे तटातल्या त्या खोल्यांतले, आणि त्या अजून याच चर्चच्या. आईंनी माझ्यामार्फत विचारलं, तुमच्या पूर्वजांवर लादलेला देव, त्याचा राग येत नाही? मला हे विचारायला कसंसंच झालं. बाईंना नाही झालं. त्या म्हणाल्या, राग येतो, पण माझी आजी इथे पुरलेली आहे, मी जाऊ कुठे? दोघींनी मग सूनबाई या विषयावर बोलायला सुरुवात केली. ते भाषांतर मी अर्धवट केलं.

शुक्रवारी नणंद आम्हाला तिच्या घराजवळच्या एका चर्चच्या सभागृहात घेऊन गेली. लेंटचे दिवस, ईस्टरआधीचे. या काळात शुक्रवारी कॅथलिक लोक मांस खात नाहीत, म्हणून चर्चमध्ये 'फिश फ्राय' असतो. ताटात तळलेला कॅटफिश, बटाटे, कोबीचं सॅलड. जमलेले पैसे चर्चच्या कामाला. आईंना मी समजावलं. त्या ऐकत राहिल्या, मग डोळे पुसेपर्यंत हसल्या. त्यांच्या घरी सोमवार मंगेशीचा, त्या दिवशी घरात मासा शिजत नाही. "आणि यांचा उपास म्हणजे मासे? आम्ही उगाच सारस्वत म्हणून ऐकून घेत होतो!"

वाढणारे आजोबा ताट घेऊन आले, साडीकडे बघून त्यांनी जरा संकोचाने विचारलं, की तुमच्यासाठी नुसते बटाटे देऊ का? आईंनी ताट हातातून घेतलं, एक तुकडा तोंडात टाकला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "त्यांना सांग, मासा ताजा आहे, पण हळद नाही, तिरफळ नाही, कोकम नाही. पिशवीत थोडी आमसुलं उरली आहेत. पुढच्या शुक्रवारी घालून बघायला सांग."